बोकड कुणीकडे धावला

टीव्हीवरचा बोकड उजवीकडे धावत सुटला, आणि कुरडयांची परात घेऊन गच्चीवरून खाली आलेली सुलोचना दारातच थबकली. काय बिनसलं ते तिला कळण्याआधी तिच्या मानेला कळलं होतं. मान आपोआप डावीकडे वळली होती, बोकड तिकडे येणार म्हणून आधीच जाऊन थांबल्यासारखी, आणि बोकड मात्र मालगाडीच्या डब्यांवरून उड्या मारत भलतीकडेच निघून गेला होता. मे महिन्यातली रविवारची दुपार होती. आर्वीच्या उन्हानं गच्ची अशी तापली होती की चपलेचं रबर पायाखाली मऊ लागत होतं. त्या उजेडातून एकदम आत आल्यावर टीव्हीच्या चौकोनाशिवाय खोलीतलं काहीच नीट दिसत नव्हतं, नुसती कूलरची घरघर. भावना, तिची सोळा वर्षांची मुलगी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, फरशीवर मांडी घालून बसली होती, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. तिची मैत्रीण रीता, कापड दुकानदार पुंडलिकरावांची मुलगी, सुटीत मामाकडे गेली होती आणि जाताना तिनं आपला गेम भावनाकडे ठेवला होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी छापलेलं, आणि चित्रात तोच: आखूड चड्डी, हातांत पांढरे मोजे, दाढीचे चार केस, तोंडात अर्धवट खाल्लेलं हिरवं निशाण. मागे स्टेशनमास्तरची टोपी घातलेलं अस्वल.

"याले पाह्यलं हाये मी," सुलोचना म्हणाली.

भावनानं मान न वळवता सांगितलं, की हे फार जुनं कार्टून आहे, अमेरिकेतलं, आजोबांच्या वेळचं, आता कोणीतरी त्याचा गेम काढलाय. आईनं ते कुठून पाहिलं असेल. तेवढ्यात बोकड खड्ड्यात पडला. टीव्हीनं रडका सूर काढला आणि बोकड पुन्हा पहिल्या जागेवर, पडद्याच्या डाव्या काठाशी येऊन उभा राहिला. पुन्हा उजवीकडेच धावायला.

माहेरी, सिंदीच्या मालधक्क्यामागचं मैदान. साल चौसष्ट असावं, कारण ती दुसरीत होती. सरकारी प्रचाराची गाडी आली होती, पोटात सिनेमाचं मशीन घेऊन. दिवेलागणीनंतर दोन बांबूंना पांढरं कापड ताणलं होतं आणि शेजारी कापसाच्या गाठींची थप्पी होती, अंधारात घराएवढी दिसणारी. आधी मलेरियाच्या डासाचा सिनेमा झाला, मग विहिरीत औषध कसं टाकायचं त्याचा. मग पोरं रडायला लागली म्हणून की काय, गाडीवाल्यानं मधेच हे लावलं. बोकडानं गार्डाचं हिरवं निशाण खाऊन टाकलं. निशाण नाही म्हणून गाडी सुटेना. अस्वल त्याच्या मागे लागलं. बोकड डब्यांच्या टपांवरून धावत, इंजिनाच्या धुरात काळा होऊन, शेवटी सिग्नलच्या खांबावर चढला. त्याच्या पुढचं तिनं पाहिलंच नाही. तिथंच बाबा उठले होते. बाबा, म्हणजे रूपराव, सिंदी स्टेशनवर पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते आणि नऊच्या पॅसेंजरला त्यांची ड्यूटी होती. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, आणि ते कापड काड्यापेटीएवढं होईपर्यंत ती मागे वळून बघत राहिली. त्या संध्याकाळचं बाकी सगळं धूसर झालं असलं तरी एक गोष्ट तिला स्वतःच्या नावासारखी पक्की ठाऊक होती. बाबा तिच्या डाव्या हाताला बसले होते, आणि बोकड बाबांकडे धावत होता. तो डावीकडे पोचला की आता बाबांच्या मांडीवर उडी घेणार असं वाटून ती त्यांचा सदरा धरायची. सदऱ्याला घासलेटाचा आणि कंदिलाच्या काजळीचा वास होता. आणि बाबा हसले होते. मोठ्यानं, छाती हलेपर्यंत. त्याआधी आणि त्यानंतर तिनं त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नाही.

हे हसणं तिनं आयुष्यभर जवळ ठेवलं होतं, आणि कोणाला दाखवलंही नव्हतं. रूपराव हे न बोलणारे गृहस्थ. स्टेशनवर झेंडी, कंदील आणि शिटी यांनी काम भागे, घरी मान हलवण्यानं. छप्पन साली ते सुटी टाकून नागपूरला दीक्षेला गेले होते, ते चार दिवसांनी परत आले आणि आल्यावर त्यांनी घरातले देव एका फडक्यात बांधून नदीला दिले, तेही एक अक्षर न बोलता. असं आई सांगायची. मुलीला त्यांनी शिकवलं, वर्ध्याला वसतिगृहात ठेवलं, नकाशे काढण्याचा कोर्स करू दिला, जमीन मोजणीच्या ऑफिसात ती ट्रेसर म्हणून लागली तेव्हा पेढे न वाटता स्टेशनच्या नळावर अंघोळ करून नवा सदरा घातला. पण हसले नाहीत. तेव्हा ते एक हसणं खरं असायला हवं होतं. बोकड जर उजवीकडे धावला असेल, तर बाबा डावीकडे नव्हते. बाबा डावीकडे नव्हते तर सदरा कोणाचा होता. आणि मग हसलं कोण? असल्या विचारांचं तिचं तिलाच नवल वाटलं. एक्केचाळीस वर्षांची बाई, नवरा, संसार, अठरा वर्षांची नोकरी, आणि डोक्यात बोकड.

संध्याकाळी भावना शिकवणीची चौकशी करायला बाहेर गेली तेव्हा सुलोचनानं दार लोटून घेतलं आणि कॅसेट लावली. पहिल्यांदा पडदा नुसताच करडा झाला. भावना करते तशी तिनं कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा बसवली. सूर वाजला. रिमोट तिच्या हातात हलका लागला, खेळण्यातलाही नव्हे, खेळण्याच्या खोक्यासारखा. डाव्या अंगठ्याखाली चार दिशांचं बटण होतं. तिनं बोकडाला डावीकडे न्यायचं ठरवलं. तो वळला, दोन पावलं आला, आणि पडद्याच्या काठाला नाक लावून जागच्या जागी पाय हलवत राहिला. तिथं भिंत नव्हती, खड्डा नव्हता, काहीच काढलेलं नव्हतं. तरी पुढे जाता येत नव्हतं. मग तिनं त्याला थोडा उजवीकडे नेलं, एक डबा ओलांडला, आणि परत फिरवला. ओलांडलेला डबा आता तिथं नव्हताच. जे मागे पडलं ते गेलं, काठ बोकडाच्या पाठोपाठ सरकत आला होता. अंगठा दुखेपर्यंत ती डावीकडे दाबत राहिली. डावीकडे धावताना तो कसा दिसतो एवढंच तिला बघायचं होतं. त्या दोन पावलांत, वळण घेताना, क्षणभर त्याची दाढी उजवीकडे उडायची, आणि तेवढ्या वेळापुरता तो तिचा बोकड व्हायचा. तिला घासलेटाचा वास आल्यासारखं वाटायचं. पुन्हा एकदा म्हणून तिनं तो किती वेळा वळवला कोण जाणे. प्रेमदास, तिचा नवरा, एसटी डेपोतली कंट्रोलरची पाळी संपवून आला आणि दाराशी चपला काढता काढता बघत राहिला. त्यानं विचारलं की पोरीचा खेळ तिनं काऊन घेतला. तिनं सगळं सांगितलं. प्रेमदासनं ऐकून घेतलं, तो नेहमीच ऐकून घेई, आणि म्हणाला की सातव्या वर्षीचं कोणाला आठवतं, आपल्याला तर सातव्या वर्षी आपण कोणत्या घरात राहत होतो तेही आठवत नाही. मग तो पाणी प्यायला आत गेला.

पण तिला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच तर अडत होतं. पुढच्या आठवडाभर ती रोज थोडा वेळ खेळली. भावनाला आधी गंमत वाटली, मग ती आईला शिकवू लागली: पिंपावर उडी मारताना बटण दाबून धर, अस्वल टोपी फेकतं तेव्हा खाली बस. सुलोचना शिकत होती आणि दुसरीकडे शोधत होती. मालगाडीचे डबे होते. निशाणं होती, खाल्लं की अंगात जोर येणारी. धूर होता. तिसऱ्या टप्प्याला सिग्नलही आला, खांबाच्या उजव्या बाजूला हात पसरून उभा असलेला, आणि तोही तिला कुठंतरी खटकला. पण एक गोष्ट कुठंच नव्हती. तिच्या आठवणीत कापडाच्या मधोमध, जरा वर, एक पांढरा गोळा होता, बघवणार नाही इतका झगझगीत, कडांना पिवळसर. चंद्र. बोकड धावत त्या चंद्रापाशी आला की त्यात बुडायचा आणि दुसऱ्या बाजूनं निघायचा. सातही टप्प्यांत चंद्र आहे का असं तिनं भावनाला विचारलं. भावना म्हणाली की नाही, सगळीकडे दिवसच आहे, ढग आणि ऊन.

त्याच आठवड्यात ऑफिसात तिच्या हातून एक चूक होता होता राहिली. कारंज्याकडच्या एका गावाचा नकाशा उतरवताना तिनं एका शेतातली विहीर बांधाच्या अलीकडची पलीकडे काढली. शाई वाळायच्या आत तिचं तिलाच दिसलं आणि तिनं पात्यानं खरवडून ती जागा साफ केली. कोणाला कळलं नाही. पण विहीर बांधाच्या अलीकडे की पलीकडे यावरून माणसं पंधरा पंधरा वर्षं कोर्टात जातात हे तिला ठाऊक होतं, आणि अठरा वर्षांत तिनं कधी बाजू चुकवली नव्हती. डावं-उजवं हेच तर तिचं काम. ती स्वतःचे हात बघत बसली. हा डावा, हा उजवा. घड्याळ डाव्या मनगटावर. याच हातावर तिनं जन्मभर विसंबून आडवंतिडवं सगळं शिवार कागदावर आणलं. आणि आता हातालाच विचारायची पाळी आली होती.

शुक्रवारी दुपारी ते उलगडलं, आणि इतकं सहज की तिला आधी रागच आला. ऑफिसात नकाशे उतरवायला एक काचेचं टेबल होतं, काचेखाली दिवा. तिचे शेजारी प्रभाकरराव, रिटायरमेंटला आलेले, जेवायला उठताना एक जुना नकाशा त्यावर पसरून गेले होते, ट्रेसिंगच्या निळसर मेणकापडावर काढलेला. दिवा चालूच राहिला होता. सुलोचना बंद करायला गेली आणि थांबली. तिला ते गाव ओळखता येईना. नदी जिकडून यायला हवी तिकडे जात होती. गावठाण पश्चिमेला गेलं होतं. आकडे होते, पण वाचता येत नव्हते. चाराचं पोट भलतीकडे, साताची मान भलतीकडे. मग तिच्या लक्षात आलं की प्रभाकररावांनी कापड पालथं घातलंय. खालून उजेड, मधे कापड, आणि चित्र सगळं उलटं. कापडाच्या मधोमध, जिथं खाली दिवा होता, तिथं एक पांढरा गोळा झगझगत होता, बघवणार नाही असा, कडांना पिवळसर.

ती तशीच उभी राहिली. मग गोष्टी एकामागून एक येऊ लागल्या, कोणीतरी हाक मारल्यासारख्या. चंद्र नव्हताच तो, मशीनचा दिवा होता. मशीनची घरघर तिला समोरून ऐकू यायची, पाठीमागून नव्हे. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आणि कापडाच्या खालच्या काठाखालून पाय दिसायचे, कितीतरी पाय, मांड्या घातलेले, बायकांचे जोडव्यांचे, पोरांचे मातीचे; ते तिला सिनेमातलेच वाटले होते. आजूबाजूला मात्र दोघांशिवाय कोणी नव्हतं, ती आणि बाबा आणि गाठींची थप्पी. सगळं गाव कापडाच्या त्या बाजूला होतं. ती आणि बाबा या बाजूला. आठवण चुकली नव्हती. बोकड खरंच डावीकडे धावला होता, कारण ते मागे बसले होते. तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, बाबा हसले होते, नक्की हसले होते. आणि त्याच श्वासात दुसरं काहीतरी पुढे आलं. आपल्याला मागे का बसवलं होतं? हा प्रश्न ती विचारत होती आणि त्याचं उत्तर तिला ठाऊक आहे असंही तिला वाटत होतं. चौसष्ट साल. सिंदी. उत्तर ठाऊक नसायला ती काही परगावची नव्हती. तिचं लाडकं चित्र, बाबांच्या सदऱ्याचं, हसण्याचं, ते असं कोणीतरी हाकलून बसवलेल्या जागेवरून पाहिलेलं होतं, आणि ती चौतीस वर्षं त्याच जागेला जगातली सगळ्यात चांगली जागा समजत आली होती. तिनं दिवा बंद केला. प्रभाकरराव डबा धुऊन आले आणि त्यांनी विचारलं की मॅडम, तब्येत बरी नाही का.

रविवारी ती एकटीच सिंदीला निघाली. आर्वीहून वर्ध्यापर्यंत एसटी, पुढे पॅसेंजर. प्रेमदासनं विचारलं की असं अचानक काय, बाबांना बरं आहे ना. ती म्हणाली सहज. डब्यात उन्हाच्या झळा येत होत्या आणि बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं तडकलेली दिसत होती. विचारावं की विचारू नये, हेच तिच्या मनात चाललं होतं. शहात्तर वर्षांचा माणूस. जे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही ते आता उकरून काय मिळणार. पण खरं सांगायचं तर मन दुखावलं होतं त्यापेक्षा जास्त कुतूहल होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती. तिला जाणून घ्यायचं होतं. माणूस मागे बसवला गेला असताना इतकं मोठ्यानं का हसतो?

रूपराव आणि अनुसयाबाई स्टेशनच्या पलीकडे, विहाराजवळच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात राहत. धाकटा मुलगा नागसेन नागपूरला रेल्वेतच होता आणि या दोघांना तिकडे चला म्हणून थकला होता. सुलोचना पोचली तेव्हा आई ओट्यावर चिंच फोडत बसली होती, पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. बाबा दाराशी खुर्चीवर. मालगाडी गेली की ते अजून डबे मोजत, ओठ हलवून. पाणी झालं, चहा झाला, भावनाच्या पेपरांची चौकशी झाली. मग तिनं व्हिडिओ गेमचं सांगितलं, बोकडाचं, अस्वलाचं. कोणता सिनेमा असं बाबांनी विचारलं नाही. ते ऐकत राहिले, गुडघ्यावर हात ठेवून.

"बाबा, आपण पडद्याच्या मांगं बसलो होतो का?"

"व्हय," रूपराव म्हणाले. "मांगं."

"त्यायनं बसवलं?"

रूपरावांनी मान हलवली, नाही अशी.  आता ते पुढे काही बोलणार नाहीत असं वाटत असताना ते बोलले, आणि तिनं त्यांच्या तोंडून सलग इतकं कधी ऐकलं नव्हतं. "समोर दोरी बांधली होती. दोरीच्या त्या बाजूनं ते, या बाजूनं आपले लोक. जागा होती आपल्याले, नाई म्हनाचं काम नाई. पन दीक्षा घेऊन आठ वर्सं झाली होती मले. मी म्हनलं, दोरीच्या आत बसाचं नाई. मंग मी तुले घेऊन मांगं गेलो. मांगं दोरी नव्हती."

 सुलोचनाच्या मनातलं चित्र हलत होतं आणि त्याला पुन्हा एक नवी बाजू फुटत होती. कोणी बसवलं नव्हतं. ते स्वतः चालत गेले होते, मुलीचा हात धरून, रिकाम्या मैदानात. मग तिनं हसण्याचं विचारलं. तुम्ही हसले होते, मोठ्यानं, ते काऊन. रूपरावांना आधी आठवेना. मग त्यांनी उलट तिलाच विचारलं की तिच्या त्या खेळात सिग्नलचा हात खांबाच्या कोणत्या बाजूला आहे. उजव्या, ती म्हणाली. "पाह्य," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "आपल्या इकडं हात डाव्या बाजूनं राह्यते. तिकडच्या लोकायनं चित्र काढलं, तिकडं उजव्या बाजूनं असन. समोर बसले त्यायले तो चुकीचा दिसला असन. मले मांगून बरोबर दिसला. सगळ्या गावात मले एकट्यालेच बरोबर दिसून राह्यला, म्हून हसलो."

"अन् मी?" चिंच फोडता फोडता अनुसयाबाई म्हणाल्या.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. सुलोचनाच्या त्या चित्रात आई कधीच नव्हती. नागसेन तान्हा होता, तेव्हा आई घरी असणार, असं तिनं धरलं होतं. धरलं होतं असंही नव्हे, त्या जागेकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं.

अनुसयाबाईंनी सांगितलं की त्या समोर होत्या. दोरीच्या आपल्या बाजूला, कडेवर नागसेन. यांनी म्हटलं होतं चाल मागं, पण त्या गेल्या नाहीत. लग्न होऊन सिंदीत आल्यापासून त्यांनी मालधक्क्याच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं, आणि सिनेमा काय असतो ते तर जन्मात नाही. "दोरी होती तं होती," त्या म्हणाल्या. "दोरी काई डोळ्याले बांधली नव्हती. मले पाहाचं होतं. यायले राग आला. तीन दिवस बोलले नाई माह्याशी." रूपराव खाली बघत होते. त्यांनी ते नाकारलं नाही. सुलोचनाला वाटलं, त्या कापडाखालून दिसणाऱ्या पायांमध्ये आईचे पाय होते. आपण ते पाहिले असतील. ओळखले नाहीत.

"मंग तू शेवट पाह्यला असन," ती म्हणाली. "बोकड सिग्नलवर चढला, त्याच्या पुढं काय झालं?"

अनुसयाबाईंनी हातातली चिंच खाली ठेवली. चौतीस वर्षांत हे आपल्याला कोणी विचारलं नाही असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्या सरसावून बसल्या, पदर नीट केला, आणि विचारायचीच वाट पाहत असल्यासारख्या सांगू लागल्या. अस्वलानं खांब धरून गदागदा हलवला. बोकड वर लोंबकळला, त्याच्या भारानं सिग्नलचा हात खाली आला. डायवरला वाटलं सिग्नल मिळाला, त्यानं गाडी सोडली. सगळी माणसं गेली, अस्वलाचं सामानही गाडीतच गेलं. (इथं रूपराव म्हणाले की गार्डाच्या निशाणाशिवाय गाडी सुटतच नाही. अनुसयाबाई म्हणाल्या की सुटली, त्यांनी पाहिली.) मग सुनं स्टेशन. अस्वल बाकावर बसलं, त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि डोळे पुसले. बोकड खाली उतरला, हळूच त्याच्याजवळ येऊन बसला. अस्वलाला वाटलं हा आता माफी मागणार. तर त्यानं टोपी खाल्ली.

सुलोचना हसली. पण आईचं सांगून झालं नव्हतं. आईचा आवाज आता निराळा लागत होता, सिनेमा सोडून पुढे गेलेला. त्या म्हणाल्या, की खेळ सुटल्यावर सगळ्या बाया घोळक्यानं निघाल्या, पण त्या मागे राहिल्या आणि एकट्याच रुळाच्या कडेनं आल्या. नागसेन खांद्यावर झोपला होता. उजेड नव्हता, पण त्यांना भीती वाटली नाही. एकटीनं एवढं चालण्याची ती पहिलीच वेळ. "पाय जमिनीले लागून नव्हते राह्यले माहे," त्या म्हणाल्या. "अन् हे सांध्यापाशी उभे होते, कंदील घेऊन. कंदील वर धरला, माह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् बाजूले झाले. बोलले नाई."

रूपरावांनी मान वर केली. सुलोचनाला दिसलं की ते त्या कंदिलाच्या उजेडातच बघत आहेत, अजून.

"डोळ्यात पानी होतं तुह्या," ते म्हणाले. "मले वाटलं दोरीमुळं रडून राह्यली. मले काई सुचलं नाई बोलाले."

"रडत कायले," अनुसयाबाई म्हणाल्या. "हासून राह्यली होती मी. टोपी खाल्ली ना त्यानं."

रूपराव बायकोकडे बघत राहिले. बाहेरून डाउन मालगाडी जात होती, घर थरथरत होतं, ओट्यावरचे चिंचोके एकमेकांवर सरकत होते. त्यांनी डबे मोजले नाहीत. गाडी पूर्ण जाऊन आवाज संपेपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी विचारलं, "सगळी खाल्ली?"

"सगळी," अनुसयाबाई म्हणाल्या. "वरचं बटनसुद्धा."